साडेदहाचा भोंगा

तुमच्या साताऱ्याचं कौतुक ऱ्हाऊ दे गड्या, आज आमच्या कुंडलचं ऐक.

बहात्तरचा दुष्काळ सरला आन् कैक वर्षं बंद पडलेली तेलाची गिरणी आमी गावानंच पुन्हा उभी केली. पडलेली भिंत गावच्या गवंड्यांनी बांधली, छपराचं पत्रं सुट्टीवर आलेल्या फौजींनी चढवलं. मग बॉयलर पेटवायला कराडचा फिटर आला. त्यानं सकाळी साडेदहाला भोंगा वाजवून बघितला.

आता गिरणी चालू होती तवा भोंगा दुपारी एकला वाजायचा आन् त्यावरच सगळं गाव जेवायचं. त्या दिवशी आभाळ भरलेलं, ऊन कुठं दिसत न्हवतं. भोंगा ऐकला आन् गड्यांनी औतं सोडली, बाया भाकरी घिऊन रानाकडं निघाल्या. गुरुजींनी तर भिंतीवरचं घड्याळ पुढं करून शाळा सोडली!

फिटर लय घाबरला. आमच्या सरपंच तात्यांना म्हणला, "आवं, मी नुसता वाजवून बघितला! आत्ता कुठं साडेदहा झाल्यात."

तात्यांनी गिरणीच्या नव्या भिंतीला पाठ टेकली, भाकरीचं फडकं सोडलं.

"बसा पावनं, जेवा. आन् तुमचं घड्याळ तेवढं लावून घ्या. कुंडलात एक वाजलाय."