रक्तात न सापडलेलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय विश्वासराव रेगे, मोठ्या रुग्णालयातून अगत्याने आलेले पाहुणे डॉक्टर मल्हारराव मोहिते, मधल्या खुर्चीला नको म्हणून कडेला बसलेल्या आमच्या सत्कारमूर्ती डॉक्टर दुर्गाताई पाटणकर, केंद्रातली सगळी मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी शामला जगदाळे. जयेंद्रगंजमध्ये आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. मला आणि माझ्या यजमानांना, सूर्याजींना, एचआयव्ही आहे. हे वाक्य माइकवर बोलायची माझी पहिलीच वेळ, तेव्हा आवाज कापला तर सांभाळून घ्या. यांना विचारूनच बोलते आहे.

आपलं हे एचआयव्ही उपचार केंद्र आता मोठ्या रुग्णालयात विलीन होणार आणि दुर्गाताई निवृत्त होणार, हे अध्यक्षमहाराजांनी सांगितलंच. पुनर्रचना म्हणतात त्याला. शब्द चांगला आहे. पण तो ऐकल्यापासून मला घास गोड लागलेला नाही. असं का व्हावं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या दोघांच्या रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. यांनी बाड्यावरच्या बाजारातून तिळगुळाची गजक आणून सगळ्या केंद्रात वाटली. दुर्गाताईंनी गजक खाल्ली, आनंद झाला म्हणाल्या, आणि गोळ्या मात्र अशाच चालू ठेवा असं बजावलं. पण यांच्या कानात शिरलं ते एवढंच, की सापडला नाही. यांचा जन्म मोटरी दुरुस्त करण्यात गेलेला. दोष सापडला नाही म्हणजे मोटर चांगली! यांचं तरी काय चुकलं?

यांनी गोळ्या सोडल्या. मला म्हणाले, हल्ली दुकानावरच घेतो. गोळ्यांनी येणारी चक्कर थांबली, भूक वाढली, अंग भरलं. मी सासूबाईंना म्हणायचे, बघा, तब्येत कशी सुधारली.

पुढच्या हिवाळ्यात खोकला धरला. मग ताप, मग मानेला गाठी. पँट कमरेवर राहीना. दुकानात उभं राहवेना तेव्हा मी यांना रिक्षात घालून इथे आणलं. दुर्गाताईंनी तपासलं, उठून दार लावलं आणि विचारलं, "सूर्याजीराव, गोळी कधीपासून बंद आहे?"

मी म्हणाले, बंद कशी असेल? मग यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घातली होती.

"रिपोर्ट में तो कुछ निकला ही नहीं था, बाई," हे म्हणाले.

दुर्गाताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की ती तपासणी रक्तात फिरणारा विषाणू मोजते. पण हा विषाणू शरीरात शिरल्यावर काही पांढऱ्या पेशींच्या आत, त्यांच्या जनुकांतच, स्वतःला जोडून घेतो. त्यातल्या काही पेशी वर्षानुवर्षं गप्प राहतात. रक्तात, गाठींमध्ये, आतड्यात. गप्प असताना शरीराला त्या ओळखू येत नाहीत, आणि गोळी तिथवर पोहोचली तरी त्यांचं काही करू शकत नाही. गोळी फक्त नवा विषाणू वाढू देत नाही. ती थांबली, की त्यातली एखादी पेशी जागी होते आणि सगळं पुन्हा सुरू होतं.

मी विचारलं, "म्हणजे तो माझ्यातही आहे? आत्ता, इथे बसले आहे तेव्हाही?"

"आहे," त्या म्हणाल्या. "तो मुळापासून काढायचं औषध आज माझ्याकडे नाही, शामला. पण गोळी रोज घेतलीस तर तो तुला मारू शकणार नाही. म्हातारी होशील."

यांना टीबी निघाला. भरती करावं लागलं. आधी टीबीची औषधं, मग जपून या गोळ्या. एकदा व्हरांड्यात मी विचारलं, हे वाचतील ना? दुर्गाताई माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, मलाही भीती वाटते आहे. डॉक्टरांनी असं बोलावं का, ते मला ठाऊक नाही. पण त्यानंतर मी एकटी घाबरत नव्हते. हे वाचले. आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

आता ही पुनर्रचना. इथे गल्लीतल्या दारातून गुपचूप येता यायचं. तिथे सगळ्यांची एकच लाइन. ते ऐकल्यावर हे म्हणाले, मी तिथे जाणार नाही. तेव्हापासून रोज यांना खोकला आला, की मी गोळ्यांची डबी उघडून गोळ्या मोजते.

दुर्गाताईंना कळलं. गेल्या सोमवारी त्या स्वतः आम्हाला घेऊन तिथे गेल्या आणि आमच्यासोबत लाइनीत उभ्या राहिल्या. आणि पुढे कोण असावं? आमच्या शेजारच्या सुलोचनाबाई. त्यांनी वळून विचारलं, "अगं शामला, तू इथे कशी?"

मी दुर्गाताईंकडे पाहिलं. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. तेव्हा हे म्हणाले, "एचआयव्हीची दवा घ्यायला आलोय, काकू. दोघंही. आता दर महिन्याला इथेच येऊ."

सुलोचनाबाईंनी पुढे तोंड फिरवलं. त्यांचा नंबर लागला, त्या खिडकीशी गेल्या, आणि परतताना आमच्याकडे न बघता निघून गेल्या. अजून आमच्या दारी आलेल्या नाहीत. येतील की नाही, कोण जाणे. मी घाबरलेलीच आहे. पण हे लाइनीतून हलले नाहीत. खिडकीपर्यंत गेले, औषध घेतलं, आणि पिशवी माझ्या हातात न देता स्वतः धरून बाहेर आले.

दुर्गाताई, तुमचे आभार मानायला मला मराठीत शब्द सापडले नाहीत, हिंदीतही नाहीत. मोहिते साहेब, आता आम्ही तुमच्या पदरात आहोत. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाला माझं उघड बोलणं लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. नमस्कार.