मागचा उजवा पाय

मले तुमी मिस्त्री म्हणता, तं माह्या सासूचं ऐका. बाई धानोऱ्याकडची. जलमभर बैलं पाळले, गाडीखाली कधी वाकून पाह्यलं नाई.

माह्या पिकअपच्या मागून खटखट आवाज येत होता. दोन्ही शॉकअप अन् सारे बुश मी घरीच अंगणात बदलले, तरी खटखट सुरूच. दुसऱ्या दिवशी तिच्यातच पुतणीची वरात न्यायची होती.

सासू म्हणे, "इंजन बंद करा, जावईबापू. आता ढकला."

आमी चौघं गाडी ढकलून राह्यलो अन् बाई फाळक्यावर हात ठेवून बाजूनं चालून राह्यली. दहा पावलं गेली अन् म्हणे, "मागचा उजवा पाय टेकवाले भिते हे."

तिकडच्या चाकावर गाडीचा भार झेलणाऱ्या कमानीवरची वाळलेली माती धुतली, तं तिच्या एका पाट्याले केसाएवढी चीर. वरात दुसऱ्या गाडीनं धाडली.

सावली गावच्या दुकानातून नवा पाटा आणून बसवला. सासूनं गाडी पुन्हा ढकलाले लावली, संगं चालली अन् म्हणे, "आठ रोज जड ओझं नोका टाकू. मंग पाय एकडाव चाचपून पाहा."

पाटा देतानी दुकानदारानं मले हेच सांगितलं होतं. आठ दिवस माल कमी भरा, मंग बोल्ट पुन्हा कसा. घरी येऊन मी ते कोणालेच बोललो नव्हतो.