डाव्या हाताचा घास

—नाही नाही, बसा हो दुर्गाताई, तुम्ही उठू नका आणि मलाही उठू देऊ नका. झाकण पडलं असेल, दुसरं काय. पाहुण्यांचा चहा आता आमच्याकडे हेच करतात — हो, समिधाचे बाबाच. पॅरालिसिस झाला म्हणून काय झालं… म्हणजे झालं बरंच, उजवी बाजू सगळी गेली, जीभ जड झाली, पण चहा करतात. आणि ते आत असले की मला स्वयंपाकघरात पाय टाकायची बंदी, लेकीचा हुकूम. ती तिकडे इंग्लंडात, आणि इथे सिल्व्हर पार्कात माझे पाय बांधून ठेवलेत तिनं — हां, ऐकलंत? शेगडीचा टूं आवाज आला. गॅस नको, विजेची शेगडी घ्या म्हणाली. लागली म्हणजे शेगडी. आता साखरेचा डबा. तो घट्ट आहे मेला. मी सकाळीच सैल करून ठेवणार होते, पण तेही चालत नाही तिला.

तर तुम्ही काय विचारत होतात? लेकीला, चांदणीला, तिकडे पाठवू की नको. तुमच्या शेजारच्या सुलूनं तुम्हाला मुर्ध्याहून इथवर पाठवलं, तिला वाटतं या आनंदीला सगळं ठाऊक. तुमची पण ओटीच शिकलीय ना? मग तुम्हाला सांगायला नको. आमच्या बिल्डिंगमध्ये तर ओटी म्हटलं की अजून लोकांना वाटतं माझी मुलगी ऑपरेशन थिएटरमध्ये असते. मी पण सांगायचं सोडलंय. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हटलं की तोंडाकडे बघतात — मालिश करती है क्या? अहो, मालिश कसली? माणसाचा हात गेला, पाय गेला, डोक्याला मार लागला, की त्याला परत अंघोळ कशी करायची, सदरा कसा घालायचा, भाजी कशी चिरायची, ते शिकवते. मलाही आधी हसूच आलेलं. म्हटलं, यासाठी कॉलेजात जायचं? हे तर आयांचं काम. तेव्हा ह्यांचा हात धडधाकट होता ना, म्हणून हसू येत होतं.

आता खरं सांगायचं तर पहिलं वर्ष वाईट गेलं तिचं. इथली डिग्री तिकडे सरळ चालत नाही, माहितीय ना? कागद पाठवा, कॉलेजातून सह्या आणा, इंग्रजीची परीक्षा द्या — जन्मभर इंग्रजीत शिकली पोर — आणि मग वाट बघा. तोवर एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून राहिली. म्हाताऱ्यांची अंगं पुसायची, चादरी बदलायच्या. आम्हाला सांगायची, ट्रेनिंग चालू आहे. मी इथे पेढे वाटले. मग नाव नोंदलं गेलं आणि हॉस्पिटलात लागली. ग्रिम्सबी म्हणून गाव आहे, समुद्रावरचं, मासेमारीचं, आपल्या उत्तनसारखं म्हणायची, फक्त वास गार आहे. त्या हॉस्पिटलात म्हणे एक लुटुपुटीचं स्वयंपाकघर आहे. खरा ओटा, खरा नळ. पेशंटला तिथे उभं करायचं आणि म्हणायचं, चहा कर बाबा. तो जमला की मग घरी सोडायचा विचार. एक म्हातारा होता, जन्म बोटीवर गेलेला, तो हिला बघून म्हणाला, ही कुठली मुलगी मला चहा शिकवणार? तोंड फिरवून बसला. ही रोज जायची, बाजूला उभी राहायची. एक दिवस त्यानं स्वतःच केला आणि कप हिच्यापुढे सरकवला — दूध जास्त घातलंय म्हणाला, तुम्ही लोक तसाच पिता ना? किती हसून सांगितलं होतं तिनं ते! त्या दिवशी मला कळलं की हिला तिथे जमलं. आणि त्याच दिवशी मनात आलं, म्हणजे आता ही परत यायची नाही — जाऊ दे ते.

…फार शांत झालंय ना आत? उकळत असेल. हो, उकळत असेल.

मग पावसाळ्यात ह्यांना झटका आला. सकाळी दाढी करत होते, ब्रश हातातून गळला, मला वाटलं चक्कर. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, मोठमोठे टोप एका हातानं फिरवायचे पॉलिशच्या चाकावर — त्या हातात ब्रश राहीना. समिधा मिळेल त्या विमानानं आली. मी दारातच तिच्या गळ्यात पडले, म्हटलं, आलीस, आता मला काळजी नाही. आणि हिनं काय केलं? दुसऱ्या दिवशी मी ह्यांना भरवत होते, वरणभात कालवून, लहान बाळाला देतात तसा — तर माझ्या हातातून ताट घेतलं. आई, तू भरवत राहिलीस तर त्यांचं सगळं तुझ्याच हातात राहील. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं, सरकू नये म्हणून, आणि म्हणाली, बाबा, जेवा. अहो, सांडलं सगळं अंगावर! बनियनवर वरण, मांडीवर भात, आणि तो माणूस रडतोय — झटक्यानंतर रडू लवकर येतं त्यांना. मी नाही नाही ते बोलले. म्हटलं, हे तुझ्या गोऱ्यांना शिकव, हा तुझा बाप आहे. ती म्हणाली, म्हणूनच, आई. एवढंच. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली किती वेळ. नळ कशाला सोडतात ते मला कळत नाही का?

आले! …हळू, हळू. नाही, मी उठत नाहीये, बसलेय मी. घ्या दुर्गाताई, तुम्ही घ्या त्यांच्या हातातून — अर्धाच भरतात कप, सांडू नये म्हणून. टोप उचलत नाहीत, पळीनं थोडा थोडा गाळणीत ओततात. तेही तिनंच शिकवलं. …माझा नंतर आणा, घाई नाही. …काय? शर्ट घालायचाय? अहो, कशाला, त्यांना रिक्षा कोपऱ्यावर मिळेल, पोचवायला कशाला जाताय? …बरं बाई, जा. — आता खोलीत गेले, आता बराच वेळ ते आणि ती बटणं. दुबळा हात आधी बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना उलटं. मलाही पाठ झालंय. कसा झालाय चहा? साखर कमी आहे ना? प्या.

ते डाव्या हाताचं राहिलं सांगायचं. जेवायला बसले की ह्यांचा हट्ट, डाव्या हातानं मी जेवणार नाही. आमच्या रत्नागिरीकडची माणसं, तुम्हाला ठाऊक आहे — डाव्या हातानं कोणी प्रसाद पुढे केला तरी घेणार नाहीत, आणि घास घ्यायचा? उपाशी राहीन म्हणाले. म्हणाले म्हणजे, तसा आवाज काढला. मी चमचा दिला, तो फेकला. तर समिधा ताट घेऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं जेवायला लागली. हे बघत राहिले. मग उचलला ह्यांनी घास. निम्मा पडला, निम्मा गेला तोंडात. मी तिकडे ओट्याशी उभी, डोळे पुसतेय — आणि माझं लक्ष गेलं हिच्या हाताकडे. अहो, भाकरीचा तुकडा मोडत होती डाव्या हातानं! एकाच हातानं. सराईतासारखी. उजव्या हाताच्या माणसाला जमेल का ते एका दिवसात? तुम्ही बघा करून घरी. मी रात्रभर तळमळले आणि सकाळी तिचा उजवा हात धरून बाही वर केली. मनगटापासून वर लांब व्रण. आत पट्टी घातलीय लोखंडाची.

जानेवारीत बर्फावर पडली होती. ऑपरेशन झालं. एकटीच गेली, एकटीच आली. आम्हाला व्हिडिओवर नुसता चेहरा. आणि मी, आई ना मी तिची, मी काय विचारलं होतं तेव्हा? केस का कापलेस गं एवढे? सुंदर लांब केस होते हो. ती म्हणाली, फॅशन. आणि मी मानलं! एका हातानं वेणी घालता येत नाही म्हणून कापले तिनं. जे सगळ्यांना शिकवते ते स्वतःवरच करत होती — ओलं फडकं, दुबळा हात आधी बाहीत. शेजारी कोण उभं होतं तिच्या? कोणी नाही. मी म्हटलं, का नाही सांगितलंस? तर म्हणते, तू आली असतीस का? मला राग आला, पण खरंच तर होतं. पासपोर्ट कुठे आहे माझ्याकडे? त्या संध्याकाळी मी तिला पुढ्यात बसवलं आणि त्या एवढ्याशा केसांना तेल लावलं. वेणी घालायला केस नाहीत, तरी बोटं फिरवत राहिले. तीही उठली नाही. फोन वाजत होता, घेतला नाही तिनं.

नाही, तसं नाही, तुम्ही लगेच घाबरू नका. चांदणीचं वेगळं असेल. तिच्याबरोबर मैत्रीण जातेय म्हणालात ना? मी काही पाठवू नका असं म्हणत नाहीये. तिथे मान आहे या कामाला. इथे परत येऊन करणार काय? लोकांना ओटी नको, लोकांना बाई हवी भरवायला. माझ्यासारख्या. मग ती इथे आली तर — म्हणजे मी काय म्हणतेय की — अहो, तुम्हाला सांगते, बाहेर बोलू नका, सुलूला तर नकोच. ह्यांनाही माहीत नाही. मागच्या आठवड्यात फोन आला समिधाचा, आणि एकदम म्हणाली, आई, तू फक्त ये म्हण, मी येते. कायमची. मी काय केलं? म्हटलं, आवाज तुटतोय गं, आणि ठेवला. तेव्हापासून झोप नाही मला. उठते, बसते, गॅलरीत जाते, परत येते. दिवसातून शंभर वेळा तो शब्द जिभेवर येतो. पण माझ्या एका शब्दावर पोरीनं एवढं कमावलेलं टाकून यायचं, आमचं म्हातारपण काढायला? आणि आमच्यानंतर तिनं काय करायचं? ती मला दोष देणार नाही, हेच तर वाईट आहे, ती कधीच काही बोलणार —

अहो.

कधीपासून उभे आहात तिथे?

…मी सांगणारच होते. आज नाहीतर उद्या. तुम्हाला त्रास नको म्हणून — काय? सावकाश बोला, मी ऐकतेय. …तुम्हाला पण? तुम्हाला पण विचारलं तिनं? कधी? …माझ्या आधी. मी देवळात गेले होते तेव्हा. आणि तुम्ही काय सांगितलंत?

…नको. नको म्हणालात. एरवी पाणी मागायला तुम्हाला किती वेळ लागतो, आणि हा शब्द बरा फुटला! मला न विचारता? माझ्या पोरीला —

थांबा. थांबा जरा, दुर्गाताई, ह्यांच्याशी बोलू दे मला. म्हणजे तुम्ही नको म्हटलंत, आणि तरी तिनं मला फोन केला. नको ऐकून झाल्यावर. म्हणजे ती आपल्यासाठी विचारत नव्हती हो. आपण दोघं इथे आपलं म्हातारपण मोजत बसलोय, आणि त्या पोरीला… तिलाच यायचंय. तिला कोणीतरी ये म्हणायला हवं होतं, एवढंच.

फोन कुठे ठेवलाय मी? तिथे आत्ता उजाडलं असेल, कामाला निघायची असेल. नाही, तुम्ही पोचवायला जायचं नाही कुठे, इथे बसा माझ्याजवळ. दुर्गाताई, तुम्ही निघा आता. नाही हो, राग कसला. चांदणीचं तुमचं तुम्ही बघा, मला विचारू नका, मला काही कळत नाही. दार तेवढं ओढून घ्या जाताना.