पुलापलीकडची रांग

(नदीबंदराचं नियंत्रण कार्यालय. भर दुपार.)

ताई : ...आधी तो फळा वाचून दाखव मला. मोठ्याने.

भाऊ : ताई, आवाज खाली. साहेब शेजारच्या खोलीत आहेत.

ताई : वाच म्हणते ना!

भाऊ : ‘आजची सरासरी प्रतीक्षा, अकरा मिनिटं.’

ताई : आणि माझी बोट तीन दिवस पुलापलीकडे नांगर टाकून उभी आहे, ती कुठल्या मिनिटात बसवलीस?

भाऊ : बोटीने पूल ओलांडला की घड्याळ सुरू होतं. त्याआधी ती प्रतीक्षा मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी आलेलीच नसते.

ताई : म्हणून तू वायरलेसवर सांगतोस, ‘पुलापलीकडेच थांबा’?

भाऊ : सगळ्यांनाच सांगतो गं. नवीन पद्धत आहे.

ताई : शी! खरकटं झाकून ठेवायचं आणि ओटा लख्ख म्हणायचं, ही पद्धत? अरे, येताना दोन धक्के रिकामे बघितले मी!

भाऊ : ते उद्यासाठी. तपासणीला पाहुणे येणार आहेत. बोट आली की लगेच लागली, असं दिसायला हवं त्यांना.

ताई : कुजका बटाटा कधी हुंगलायस? अख्खी खेप पाझरतेय. खलाशी नाकाला फडकी बांधून झोपतात. पण तो वास परवडला रे. इथला त्याहून वाईट आहे.

भाऊ : उद्या पहिला नंबर तुझा. शब्द देतो.

ताई : उद्यापर्यंत पाणी राहील? वरच्या धरणाचे दरवाजे सकाळीच बंद झालेत. नदी तासातासाला उतरतेय, आणि माझी बोट गळ्यापर्यंत भरलेली.

भाऊ : यंत्रात पाण्याचा रकाना आहे. पण तो सोमवारी भरतात.

ताई : सोमवारी! बाबा याच कचेरीत होते. दर तासाला पायऱ्या उतरून पाण्याची पट्टी बघून यायचे.

भाऊ : बाबांना आकड्यांवर बढती मिळवायची नव्हती. मी पंधरा वर्षं याच खुर्चीत कुजतोय.

ताई : तू कुजतोयस खरा. ...थांब, फोन आहे. हं, बोल. ...कधी? ...सगळे वर आलात ना? मोज परत. ...बरं. मी निघालेच.

भाऊ : काय झालं?

ताई : बोट खडकावर टेकली. तळ फुटलाय. पाणी आत येतंय.

भाऊ : अरे देवा! ओढून काढायला टग पाठवतो, लगेच पाठवतो. ...फक्त एक, ताई. पुलापलीकडे म्हणजे आपल्या हद्दीबाहेर. हा अपघात बंदराच्या नावावर नाही धरता येणार.

ताई : सरक. जाऊ दे मला.

भाऊ : अशी बघू नकोस. बस जरा. पाणी तरी घे.

ताई : तुझ्या हातचं? घशाखाली उतरायचं नाही.

भाऊ : आईला एवढ्यात काही सांगू नकोस. प्लीज.

ताई : नाही सांगत. ती रोज विचारते, धाकटा बरा आहे ना. आजपासून मलाही खोटं बोलावं लागणार.