यारीला पाणी

घोड नदीवर पुलाचं काम चालल्यामुळं नाव थांबली होती. रांगेत साळुबाईच्या पुढं दोन गडी लोखंडी तुळई उचलायला आलेल्या वाफेच्या यारीकडं माना वर करून बघत होते.

"धा टनी हाय, कुंडलिकराव! मुंबईच्या गोदीत अशीच व्हती. दोर मोजा, चार भरत्याल."

"मान काय लांब हाय, शौकतभाई! खांदाबी लई भरलेला. पर तुळई उचलंल का?"

"फुलावानी!"

"थांबा, पाणी पाजत्यात तिला."

कुंडलिकानं हळूच शीळ धरली.

"अवो, लोखंडाला शीळ कशाला?"

"शीळ न्हाई घातली तर जनावर पाण्यातनं अर्ध्यातच तोंड काढतं. मग वजन कसं वढंल?"

"बैल न्हाई ती, राव!"

यारी धुसफुसली. तिनं तुळई वीतभर उचलली आणि तिथंच अडली.

"अडली की वो!"

"तुमी मधीच बोलला. माजी शीळ तुटली."

"आता परत बादल्या वतत्यात बगा."

या वेळी साळुबाईला पुढून दोन शिळा ऐकू आल्या.

तुळई सरसर वर गेली, खांबावर टेकली, आणि यारीनं नदीभर घुमणारी लांब शिट्टी दिली.

"पोट भरलं तिचं," शौकत म्हणाला.