घासणारा ब्रेक

सायकलच्या दुकानात पंक्चर काढून घ्यायला आलेल्या मास्तरीणबाईंनी वर्तमानपत्र नुसतं डोळ्यांपुढे धरलं होतं. कान मात्र मेकॅनिक आणि काकांकडे होते.

“काका, पावसासाठी जाड टायर टाकलेत. पण मागचा ब्रेक चाकाला सारखा घासतोय. सैल करतो.”

“नको, राहू दे तसाच.”

“अहो, चढावर जीव जाईल तुमचा!”

“हळू बोल, तुझी काकू बाहेर तिच्या सायकलमध्ये हवा भरतेय. ब्रेक सैल केला की मी सुसाट सुटतो. ती मागे पडते आणि हिरमुसते.”

काका पाणी प्यायला गेले, तशा काकू आत आल्या.

“ह्यांची सायकल जरा हलकी चालेल असं काहीतरी कर रे. चढावर फार धापा टाकतात. मी मुद्दाम मागे राहते, नाहीतर मनाला लावून घेतात.”

हसू दाबताना बाईंचं वर्तमानपत्र हलायला लागलं. मेकॅनिकने काकांचा ब्रेक सैल करायला पाना उचलला.

“काकू, आज तुम्ही पुढे निघा.”