तिसरा खंड

(इंग्लंडमधल्या बाथ शहरातलं टोप्यांचं एक लहानसं दुकान. धाकटी केझाया टोपीला फीत लावते आहे. थोरली डॉर्कस नुकतीच बाहेरून आली आहे.)

डॉर्कस : घे बाई तुझा तिसरा खंड! पाद्रीणबाई सोडेचनात. म्हणे, दहाच पानं राहिलीत, बस जरा.

केझाया : वाचनालय तरी कसलं मेलं! एका वेळी एकच खंड देतात. जीव नुसता टांगणीला.

डॉर्कस : टांगणीला हॉस्किन्स आहे. आत्ता येईल उत्तर मागायला. लग्नाचं उत्तर काय, तर म्हणे कादंबरी संपू दे! लोकांना सांगायचीही सोय नाही.

केझाया : लग्नानंतर दुकान बंद कर म्हणतो ना तो? मग मला बघू दे, कादंबरीतल्या मेरियनचं हातमोज्यांचं दुकान टिकतं का. कागदावर तरी एखादीनं एकटीनं निभावलेलं दिसू दे.

डॉर्कस : नाही निभावलं.

केझाया : ताई! शेवट वाचलास?

डॉर्कस : येता येता वाचला. दोनदा चिखलात पाय गेला. तो जहाजवाला परत येतो, ही दुकानाची किल्ली त्याच्या हातात ठेवते, आणि चर्चमध्ये लग्नाच्या घंटा.

केझाया : किल्ली दिली? दोन खंड रक्त आटवून उभं केलेलं दुकान?

डॉर्कस : तीन ओळींत.

केझाया : डोकं फिरलं होतं का त्या लेखिकेचं?

डॉर्कस : डोकं ठिकाणावर आहे म्हणून तर! वाचनालयवाला सांगत होता, शेवटी लग्न नसेल तर आम्ही पुस्तकच घेत नाही. बाई एकटी राहते, वर्षाला एक कादंबरी लिहिते, त्यावरच पोट.

केझाया : एकटी?

डॉर्कस : एकटी. नवरा नाही, भाऊ नाही.

केझाया : म्हणजे मेरियनचं दुकान बंद करून हिनं आपलं चालू ठेवलं!

डॉर्कस : आता त्यावर नको डोकं लावूस. आला बघ हॉस्किन्स, पाय पुसतोय. नवा कोट घातलाय बिचाऱ्यानं. केझाया, माणूस वाईट नाही गं.

केझाया : वाईट कोण म्हणतंय? मला आवडतोसुद्धा. त्याचाच तर ताप आहे.

डॉर्कस : मग? कुठं बसवू त्याला?

केझाया : स्टुलावर. खुर्ची गिऱ्हाइकाची आहे.